बोटाखालची कळ आणि ब्रेकमधलं तेल

गिअर ही म्हाताऱ्यांची सोय आहे, खऱ्या गड्याने आपल्या पायांच्या बळावर चढ चढावा, असं आंरी देग्रांजचं ठाम मत होतं. हा माणूस साधा शेरेबाज असता तर बिघडलं नसतं. पण टूर द फ्रान्स ही शर्यत त्यानेच 1903 मध्ये सुरू केली आणि नियमही त्याचेच. त्याआधीच्या वर्षी एका डोंगराळ शर्यतीत मार्त हेस नावाच्या बाईने तीन गिअरच्या सायकलवरून एदुआर फिशर या एकेरी गिअरवाल्या नामांकित स्पर्धकाला मागे टाकलं होतं. देग्रांजवर त्याचा काडीचा परिणाम झाला नाही. टूरमधले स्पर्धक पुढची तीसेक वर्षं घाटाच्या पायथ्याशी उतरत, मागचं चाक काढून उलटं बसवत आणि दुसऱ्या बाजूच्या मोठ्या चकतीवर चेन चढवून पुढे निघत. डिरेलरला, म्हणजे चेन एका चकतीवरून दुसरीवर ढकलणाऱ्या यंत्राला, तिथे परवानगी मिळाली ती थेट 1937 मध्ये.

त्यानंतरची यंत्रंही काही साळसूद नव्हती. व्हिचेन्झाच्या तुल्लिओ कांपान्योलोने 1940 च्या दशकात काढलेला ‘कांबिओ कोर्सा’ वापरताना स्पर्धकाला हात मागे नेऊन चालत्या सायकलचं मागचं चाक सैल करावं लागे, पॅडल उलटं फिरवत दुसऱ्या तरफेने चेन सरकवावी लागे आणि मग चाक पुन्हा आवळावं लागे. जीनो बार्ताली 1948 ची टूर याच्यावर जिंकला. आजचा हौशी सायकलपटू सपाट रस्त्यावरही हा प्रयोग करायला धजणार नाही.

पुढचा टप्पा जपानचा. ‘सनटूर’ने 1964 मध्ये तिरकस चौकटीचं डिरेलर काढलं. त्यातली चाकं चकत्यांच्या उतारालगत सरकत, त्यामुळे चेन नेमकी बसे. त्या पेटंटची मुदत संपायला आली तेव्हा साकाई गावच्या ‘शिमानो’ने ते तत्त्व उचललं, त्याला खटक्याच्या तरफेची जोड दिली आणि 1984 मध्ये ‘ड्युरा-एस’ संचात आणलं. एक खटका, एक गिअर. तोवर अंदाजाने तरफ ओढून, कान देऊन चेन बसली की नाही हे ओळखावं लागे. 1990 मध्ये शिमानोने ही तरफ खालच्या दांड्यावरून उचलून ब्रेकच्या मुठीतच बसवली. दोन वर्षांनी कांपान्योलोच्या कंपनीनेही तेच केलं, फक्त एक कळ अंगठ्याखाली ठेवली. गिअर आणि ब्रेक एका घरात राहायला आले ते तेव्हापासून, आणि पुढच्या भानगडींचं मूळही तिथेच आहे.

विजेवर गिअर बदलण्याची कल्पना शिमानोची असं सर्रास समजलं जातं, पण ते खरं नाही. फ्रान्सच्या ‘माविक’ने 1992 मध्ये ‘झॅप’ हा संच आणला होता. हाताखाली बटणं आणि मागे विजेवर चालणारं डिरेलर. गंमत अशी की बॅटरी त्यात जवळपास काहीच काम करत नसे. ती फक्त आतला एक खटका हलवी; डिरेलर सरकवण्याची ताकद फिरत्या चेनमधून, डिरेलरच्या छोट्या चाकातून घेतली जाई. हा कंजूषपणा नव्हता, नाइलाज होता. सोनीने लिथियम-आयन बॅटरी बाजारात आणली ती 1991 मध्ये. सायकलच्या दांड्यावर मावेल, पावसात टिकेल आणि शेकडो किलोमीटर मोटर फिरवेल अशी बॅटरी तेव्हा कुठून मिळणार? झॅपवर टूरमधले व्यावसायिक स्पर्धक बसलेही, पण पाणी शिरलं की यंत्र रुसायचं. माविकने 1999 मध्ये ‘मेकट्रॉनिक’ आणलं, तेही चक्क बिनतारी. तेही चाललं नाही आणि माविकने हा नाद सोडला. कल्पना पंधरा-वीस वर्षं आधी सुचली की तिचं श्रेय दुसऱ्याच्या नावावर जमा होतं.

ते जमा झालं शिमानोच्या नावावर. 2009 च्या सुमारास ड्युरा-एसचा ‘डीआयटू’ संच दुकानात आला तेव्हा त्यात बिनतारी वगैरे काही नव्हतं. साध्या तारा, सीलबंद जोड, दांड्याला लटकणारी ठोकळ्याएवढी बॅटरी आणि प्रत्येक डिरेलरमध्ये स्वतःची मोटर. जुनी मंडळी हसली: वायर ओढायला बोटाचा जोर पुरतो, मग मोटर कशाला? उत्तर पुढच्या डिरेलरने दिलं. पुढच्या दोन चकत्यांमधला फरक मोठा, तिथे भर चढावर जोर लावत असताना गिअर बदलला की चेन पडायची भीती. मोटर तिथे न कुरकुरता चेन ढकलते. शिवाय मागचा गिअर बदलला की पुढचं डिरेलर आपणहून किंचित सरकतं, म्हणून चेन घासत नाही. मागच्या गिअरची सुधारणा चैनीची म्हणता येईल. पुढच्याची मात्र खरोखर गरजेची होती. कॅडेल इव्हान्स 2011 ची टूर डीआयटूवर जिंकला. त्याच वर्षी कांपान्योलोने आपला ‘ईपीएस’ बाजारात आणला. शिकागोच्या ‘स्रॅम’ने 2015 मध्ये ‘रेड ईटॅप’ आणून तारा पूर्णच काढून टाकल्या: उजवी कळ गिअर जड करते, डावी हलका करते, दोन्ही एकदम दाबल्या की पुढची चकती बदलते.

आता ब्रेककडे. रस्त्यावरच्या शर्यतींच्या सायकलींना तेलाचे डिस्क ब्रेक इतक्या उशिरा का आले, याचं एक कारण गिअरच्या मुठीत दडलेलं आहे. तेलाच्या ब्रेकला मुठीत सिलिंडर लागतो आणि तीच जागा यांत्रिक गिअरच्या खटक्यांनी व्यापलेली. मोटर आल्यावर मुठीत उरली ती दोन-चार बटणं. जागा मोकळी झाली. शिमानोने रस्त्याच्या सायकलसाठी पहिला तेलाचा डिस्क ब्रेक 2013 मध्ये काढला तो डीआयटूच्या मुठीसोबतच; यांत्रिक गिअरवाल्यांना वाट पाहावी लागली. विजेच्या गिअरने वेळ किती वाचवला यावर वाद घालता येईल, पण त्याने ब्रेकला जागा करून दिली ही त्याची मोठी कमाई.

स्रॅमने मात्र यांत्रिक गिअर आणि तेल दोन्ही एकाच मुठीत कोंबले, त्यासाठी मुठीला उंच शिंग फुटलं. डिसेंबर 2013 मध्ये कडाक्याच्या थंडीत त्या ब्रेकमधली सील दाब धरेनाशी झाली. कंपनीने सायकल चालवूच नका असं सांगून सुमारे 19 हजार ब्रेक परत बोलावले.

शर्यतींच्या दरबारातही डिस्कची वाट सोपी नव्हती. एप्रिल 2016 मध्ये पारी-रूबे शर्यतीत फ्रान्सिस्को व्हेंतोसोचा पाय चिरला. डिस्कने कापलं असं त्याचं म्हणणं. आंतरराष्ट्रीय सायकल महासंघाने शर्यतींतली डिस्क ब्रेकची चाचणी थांबवली, मग पुन्हा सुरू केली आणि जुलै 2018 मध्ये कायमची परवानगी दिली. तरीही 2019 ची टूर जिंकणाऱ्या एगन बर्नालच्या सायकलला गिअर विजेचे आणि ब्रेक जुने, रिमला गुटके घासणारे होते.

आज तिन्ही घराण्यांचे वरचे संच बिनतारी म्हणवतात, पण तपशिलात फरक आहे. शिमानोचा 2021 चा ड्युरा-एस अर्धाच बिनतारी: मुठींत नाण्याएवढे सेल, तर दोन्ही डिरेलर तारेने सीटखालच्या नळीतल्या एकाच बॅटरीला जोडलेले. एकदा चार्ज केली की सुमारे हजार किलोमीटर, पण भर रस्त्यात संपली तर बदलता येत नाही. स्रॅममध्ये प्रत्येक डिरेलरला स्वतःची बॅटरी आणि दोन्ही सारख्याच. मागची संपली तर पुढची काढून मागे लावा आणि घरी या. हे शहाणपण कागदावरच्या कुठल्याही आकड्यापेक्षा मोलाचं. कांपान्योलोने 2023 मध्ये पाच हजार युरोंच्या वर किमतीचा बिनतारी ‘सुपर रेकॉर्ड’ आणला, त्यात पुढची-मागची बॅटरी वेगवेगळी केली आणि वर अंगठ्याची कळही काढून टाकली. भक्तगण खवळले. 2025 च्या तेरा गिअरच्या संचात ती कळ परत आली.

बिनतारीची दुसरी बाजूही दिसली. 2024 मध्ये अमेरिकेतल्या दोन विद्यापीठांच्या संशोधकांनी शिमानोचा रेडिओ-संकेत टिपून तोच दहा मीटरवरून पुन्हा सोडला आणि दुसऱ्याच्या सायकलचा गिअर बदलून दाखवला. शिमानोने सॉफ्टवेअर दुरुस्त केलं, आधी व्यावसायिक संघांसाठी. देग्रांजच्या काळी फसवणूक करायला रस्त्यावर खिळे टाकावे लागत.

ब्रेकच्या बाबतीत शिमानोचं पारडं बरीच वर्षं जड होतं. तरफ ओढताच पॅड पटकन डिस्कजवळ येतात आणि मग जोर हळूहळू चढतो, त्यामुळे हाताला अंदाज राहतो. स्रॅमने 2024 च्या ‘रेड’मध्ये ते शिंग छाटलं आणि मुठीवरून एका बोटाने ब्रेक लागेल अशी रचना केली, आता लढत बरोबरीची आहे. आठवडाभर घरापासून लांब, चार्जरविना फिरणाऱ्याने शिमानो घ्यावा. सायकल उघडून पेटीत घालून विमानाने नेणाऱ्याने स्रॅम, कारण ओढायच्या तारा नाहीत. कांपान्योलो घेणारा सल्ला विचारत नाही.

घेतल्यावर एक गोष्ट मात्र दुकानदाराकडून खात्री करून घ्या. शिमानो आणि कांपान्योलोच्या ब्रेकमध्ये खनिज तेल असतं, स्रॅमच्या या संचांत मोटारगाड्यांसारखं डॉट द्रव. डॉट हवेतला ओलावा शोषतं, म्हणून ठरावीक काळाने बदलावं लागतं, आणि सांडलं तर रंग खातं. एकाच्या ब्रेकमध्ये दुसऱ्याचं भरलं तर आतली रबरी सील फुगते किंवा खराब होते, आणि तो ब्रेक बहुतेक वेळा दुरुस्त होत नाही.