हिरवळीवरचे पाते

आपल्याकडे गवत कापायचे म्हणजे विळा, आणि विळ्याच्या पुढे गाय, म्हैस किंवा शेळी आलीच. गवत कुणाच्या तरी पोटात जायचे असते. ते नुसते आखूड आणि सारखे दिसावे म्हणून कापायचे, ही हौस खरी जोपासली ती इंग्रजांनी. मोगल बागांत पाण्याचे पाट होते, फळझाडे होती, ताटवे होते. ताजमहालासमोर आज दिसणारी सपाट हिरवळ लॉर्ड कर्झनच्या काळातली, विसाव्या शतकाच्या आरंभीची.

या हौसेसाठी यंत्र शोधले एडविन बडिंगने. इंग्लंडच्या ग्लॉस्टरशायरमधल्या स्ट्राउड परिसरात लोकरी कापडाच्या गिरण्या होत्या. तिथे कापडावरची उभी राहिलेली लव एका फिरत्या रुळावरच्या पात्यांनी छाटत. बडिंगला वाटले, लव छाटता येते तर गवत का नाही? 1830 साली त्याने पेटंट घेतले. शेजाऱ्यांनी हसू नये म्हणून तो रात्री अंधारात यंत्र चालवून बघायचा, अशी एक गोष्ट सांगतात. खरी असो वा नसो, मला ती आवडते.

पुढे यंत्राला घोडा जुंपला. हिरवळीवर खुरांचे खड्डे पडू नयेत म्हणून घोड्याला चामड्याचे बूट घालत! मग वाफेचे यंत्र आले, पण ते टनभर वजनाचे धूड. 1902 मध्ये इप्सविचच्या रॅन्सम्स कंपनीने पेट्रोलवर चालणारे यंत्र विकायला काढले. इथवर पाती होती रुळावर, कात्रीसारखी चालणारी. बोट गेले तर तुटेल, पण दगड भिरकावण्याइतका वेग त्यांना नव्हता.

धोका वाढला तो आडव्या फिरणाऱ्या पात्याने. आपला छताचा पंखा उलटा करून पायांखाली, जमिनीपासून चार बोटांवर ठेवल्याची कल्पना करा. पण हा पंखा जड पोलादाचा, आणि त्याच्या पात्याचे टोक ताशी 300 किलोमीटरच्या वर जाऊ शकते. खडा, खिळा, तारेचा तुकडा सापडला की तो बंदुकीच्या गोळीसारखा सुटतो. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत शहरांबाहेर लाखो घरे झाली, प्रत्येकापुढे हिरवळ आली, आणि मोठ्या अंगणवाल्यांनी गादीवर बसून चालवायचे यंत्र घेतले. दिसते छोट्या ट्रॅक्टरसारखे. ट्रॅक्टरसारखेच उलटतेही.

अपघात वाढले तेव्हा सरकार हलले. 1972 साली तिथे ग्राहक सुरक्षेचा आयोग स्थापन झाला आणि 1982 पासून नियम आला, की दांडा सोडताच पाते तीन सेकंदांत थांबले पाहिजे. पण हा नियम ढकलायच्या यंत्रांना! बसायच्या यंत्रांसाठी उद्योगाने स्वतः ठरवलेल्या मानकांवरच भागवले गेले. त्यातूनही चांगल्या गोष्टी आल्या. पाते फिरत असताना चालक गादीवरून उठला की इंजिन बंद पडते. पुढे यंत्र मागे घेतानाही पाते थांबू लागले. ही सोय बाजूला सारायचे बटणही काही यंत्रांवर असते, हे मला अजिबात पटत नाही. काही जण तर गादीखालचा स्विच तारेने बांधून टाकतात.

कारण यातले सर्वांत वाईट अपघात मागे येतानाच होतात. बाबा यंत्रावर बसलेले, आवाज प्रचंड, आणि चार वर्षांचे पोर हाका मारत मागून धावत येते. हाक ऐकू जात नाही. अशा मुलांचे पाय गेले आहेत, जीवही गेले आहेत. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने 2001 मध्ये बजावले, की सोळा वर्षांखालच्या मुलाने हे यंत्र चालवू नये आणि कोणत्याही मुलाला त्यावर सोबत बसवू नये. आपण पोराला स्कूटरवर पुढे उभे करणारे, ट्रॅक्टरच्या मडगार्डवर बसवणारे लोक. न्यू जर्सीला लेकीकडे गेलेल्या आजोबांना नातवाला मांडीवर घेऊन एक फेरी मारावीशी वाटणारच. त्यांना आधीच सांगून ठेवावे. गवत कापताना मूल घरात, दार लावून.

उताराचेही एक आहे. ढकलायचे यंत्र उतारावर आडवे न्यायचे, बसायचे यंत्र मात्र उभे, खालीवर. उलट केले तर कलंडते. पंधरा अंशांपेक्षा जास्त उतारावर ते नेऊच नये.

काम झाल्यावर यंत्र ठेवायचे कुठे, यालाही इतिहास आहे. तिथल्या घरांत पाणी तापवायचा गॅसचा बंब पुष्कळदा गॅरेजमध्ये असतो आणि त्यात लहानशी ज्योत सतत तेवत असते. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड. ती जमिनीलगत सरपटत त्या ज्योतीपर्यंत पोचते आणि भडका उडतो. अशा आगी इतक्या लागल्या, की 2003 पासून नव्या बंबांची रचनाच बदलावी लागली. जुना बंब असेल तिथे यंत्र आणि पेट्रोलचा डबा दोन्ही वेगळ्या पडवीत किंवा शेडमध्ये ठेवावे. आत नेण्याआधी इंजिन पूर्ण थंड होऊ द्यावे, सायलेन्सरवर अडकलेले वाळके गवत काढावे, पेट्रोल भरायचे तर बाहेर उघड्यावर भरावे. पात्याला हात लावण्यापूर्वी स्पार्क प्लगची वायर काढावी. पाती खाली टेकवून, ब्रेक लावून यंत्र उभे करावे आणि किल्ली काढून मुलांचा हात पोचणार नाही अशा खुंटीला टांगावी.