देहबोली : कुत्रा व घोडा

शब्दांवाचून, अंगाच्या ठेवणीतून व हालचालींतून माणूस आणि हे दोन प्राणी यांच्यात होणारा संवाद. कुत्र्याचे पूर्वज शिकार करणारे, घोड्याचे शिकार होणारे. त्यामुळे रोखून पाहत सरळ चालून येणारा अनोळखी माणूस कुत्र्याला आव्हान देणारा वाटतो, तर घोड्याला झडप घालणारा.

चवताळलेला कुत्रा ताठ उभा राहून मानेचे केस पिंजारतो. तोच धन्याला ओळखताच अंग झुकवून वळवळू लागतो. चार्ल्स डार्विन यांनी हा विरोध १८७२ मधील भावाभिव्यक्तीवरच्या ग्रंथात टिपला. शेपूट हलली म्हणजे कुत्रा खूश, ही समजूत धोक्याची आहे. उंच, ताठ शेपटी भरभर थरथरत असेल तर दूर राहावे. झोप नसता जांभई देणे, ओठ चाटणे, तोंड फिरवणे या बहुधा अस्वस्थतेच्या खुणा होत. अंगावर वाकून डोके थोपटण्याचे दडपण येते. त्यापेक्षा तिरके उभे राहावे आणि तो आपणहून आला तर हुंगू द्यावे.

घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असल्याने त्याला जवळपास ३५० अंशांचा परिसर दिसतो. कपाळापुढची थोडी जागा आणि शेपटीमागची बाजू मात्र दिसत नाही. मागून गेल्यास तो बुजतो, लाथ झाडतो. म्हणून खांद्याच्या रोखाने, बोलत जावे. पुढे टवकारलेले कान लक्ष दाखवतात, मानेकडे चपटे पडलेले राग. सारंगखेड्याच्या बाजारात येणाऱ्या मारवाडी घोड्यांच्या कानांची टोके मुळातच आत वळलेली असतात. तिथे वळणाकडे नव्हे, कानांच्या रोखाकडे पाहावे.

घोडा माणसाला किती बारकाईने वाचतो, हे बर्लिनच्या ‘हान्स’ने दाखवले. विल्हेल्म फॉन ओस्टेन यांचा हा घोडा खूर आपटून गणिताची उत्तरे देई. ऑस्कार फुंग्स्ट यांनी १९०७ मध्ये उलगडा केला : योग्य आकडा येताच विचारणाऱ्याचे डोके नकळत किंचित वर होई आणि हान्स थांबे. विचारणाऱ्यालाच उत्तर माहीत नसले किंवा तो घोड्याला दिसत नसला, की हान्स चुके. यात लबाडी कोणाचीच नव्हती. कारण कळल्यावरही फुंग्स्ट यांना स्वतःच्या डोक्याची ती हालचाल आवरणे कठीण गेले.