तेरावे इतिवृत्त, विषय क्रमांक १४४

चार पानांचे टाइप केलेले टिपण. वर ‘अतिगोपनीय’, क्रमांक ७९४/ब, महिना मार्च १९४०. दिवसाचा आकडा भरलेला नाही. पाठवणारा लाव्हरेंती बेरिया, सोव्हिएत संघाच्या गृहखात्याचा, म्हणजे एनकेव्हीडीचा, कमिसार. ज्याला पाठवले त्याचा उल्लेख असा: ‘केंद्रीय समिती, कॉम्रेड स्टालिन’.

या उल्लेखापाशी थोडे थांबायला हवे. तेव्हा मंत्रिमंडळात स्टालिनकडे कोणतेही पद नव्हते; ते मे १९४१ मध्ये आले. सरकारचा प्रमुख मोलोतोव्ह होता. राष्ट्रप्रमुखाच्या खुर्चीवर, म्हणजे सर्वोच्च सोव्हिएतच्या अध्यक्षमंडळाच्या अध्यक्षपदी, कालीनिन होता. स्टालिन पक्षाचा चिटणीस. तरी गृहखात्याचा प्रमुख परवानगी मागतो ती स्वतःच्या सरकारप्रमुखाकडे नव्हे, पक्षाच्या चिटणिसाकडे.

मागणी काय, तेही टिपणात उघड आहे. सप्टेंबर १९३९ मध्ये पूर्व पोलंड ताब्यात घेतल्यावर पकडलेले १४,७३६ अधिकारी, नोकरशहा, जमीनदार, पोलीस युद्धकैद्यांच्या छावण्यांत आहेत. पश्चिम युक्रेन व बेलारूसच्या तुरुंगांत १८,६३२ जण आहेत, त्यांतले १०,६८५ पोलिश. हे सारे सोव्हिएत सत्तेचे न सुधारणारे शत्रू असल्याचे सांगून बेरिया सुचवतो की छावण्यांतल्या १४,७०० आणि तुरुंगांतल्या ११,००० जणांची प्रकरणे ‘विशेष पद्धतीने’ निकालात काढावीत आणि त्यांना गोळ्या घालाव्यात. कैद्याला समोर बोलवायचे नाही, आरोपपत्र द्यायचे नाही. निकाल तिघांच्या मंडळाने द्यायचा. त्या तिघांत टाइप केलेले पहिले नाव बेरियाचे स्वतःचे होते. ते पेन्सिलीने खोडून तिथे कोबुलोव्हचे घातले आहे. मेर्कुलोव्ह आणि बाश्ताकोव्ह ही उरलेली दोन नावे. तिघेही बेरियाच्याच खात्यातले.

१९३६ ची राज्यघटना त्या वेळी लागू होती. तिच्या १०२व्या कलमाप्रमाणे न्याय देण्याचे काम न्यायालयांचे, १११व्या कलमाप्रमाणे आरोपीला बचावाचा हक्क, आणि सर्वोच्च सत्ता सर्वोच्च सोव्हिएतची. घटना कोणी रद्द केली नव्हती, तिला स्थगितीही नव्हती. या व्यवहारात ती फक्त कोणाला आठवली नाही. १२६व्या कलमात मात्र पक्षाचा उल्लेख आहे: सर्व सार्वजनिक आणि सरकारी संघटनांचा मार्गदर्शक गाभा. राज्य प्रत्यक्षात चालत होते ते या एका वाक्यावर.

पहिल्या पानावर मजकुराला आडव्या चार सह्या आहेत: स्टालिन, व्होरोशिलोव्ह, मोलोतोव्ह, मिकोयान. सरकारचा प्रमुख तिसरा. समासात लेखनिकाच्या हातची नोंद आहे: कालीनिन अनुकूल, कागानोविच अनुकूल. म्हणजे राष्ट्रप्रमुखाची इथे सहीसुद्धा नाही; त्याचे मत दुसऱ्याने टिपून ठेवले. पॉलिटब्यूरोचे, म्हणजे पक्षाच्या सर्वोच्च मंडळाचे, पूर्ण सभासद तेव्हा नऊ होते. आंद्रेयेव्ह, झ्दानोव्ह आणि ख्रुश्चेव्ह यांची नावे या पानावर नाहीत. बैठक न भरवता कागद फिरवून मते घ्यायची ही रीत तिथे नेहमीची होती, आणि फिरवायला सगळे लागतच असे नाही. खुद्द बेरिया तेव्हा उमेदवार सभासद होता, मतदानाचा हक्क नसलेला.

५ मार्च १९४० चा निर्णय पॉलिटब्यूरोच्या तेराव्या इतिवृत्तात १४४वा विषय म्हणून नोंदला गेला. शीर्षक: ‘एनकेव्हीडीचा प्रश्न’. मजकूर जवळजवळ बेरियाच्याच शब्दांत. त्याआधी २ मार्चलाच या कैद्यांच्या कुटुंबांना दहा वर्षांसाठी कझाकस्तानात धाडण्याचे ठरले होते. अशा हद्दपारांपैकी जे पुढे सोव्हिएत संघातून बाहेर पडू शकले, त्यांतले काही हजार पोलिश लोक १९४३ पासून कोल्हापूरजवळच्या वळिवड्याच्या छावणीत राहिले.

एप्रिलमध्ये कैद्यांच्या तुकड्या निघाल्या. कोझेल्स्क छावणीतले स्मोलेन्स्कजवळच्या कातिनच्या जंगलात, स्तारोबेल्स्कचे खार्किवमध्ये आणि ओस्ताश्कोव्हचे कालीनिन शहरात मारले गेले. हे शहर म्हणजे जुने त्वेर. ज्याचे ‘अनुकूल’ मत समासात टिपले आहे, त्याचेच नाव त्याला दिले होते.

मारल्या गेलेल्यांचा आकडा मिळतो तो ३ मार्च १९५९ च्या एका हस्तलिखित टिपणात. केजीबीचा प्रमुख शेलेपिन ख्रुश्चेव्हला कळवतो: कातिन ४,४२१, स्तारोबेल्स्क ३,८२०, ओस्ताश्कोव्ह ६,३११, इतर छावण्या व तुरुंग ७,३०५. एकूण २१,८५७. बेरीज जुळते. यांच्या फायली नष्ट कराव्यात, तिघांच्या मंडळाची इतिवृत्ते ठेवावीत, असे तो सुचवतो. त्याच्या दृष्टीने फायलींना ना कामकाजाच्या दृष्टीने महत्त्व होते ना ऐतिहासिक.

हे सारे कागद बनावट आहेत असे म्हणणारे आजही भेटतात. पण कागद बाहेर आले १९९२ मध्ये, आणि खार्किव व त्वेरजवळचे मेद्नोये इथले मृतदेह १९९१ च्या उत्खननातच सापडले होते. ते एनकेव्हीडीच्या कैदी-वाहतुकीच्या नोंदी जिथे बोट दाखवत होत्या तिथेच निघाले. माझ्या मते बनावटीचा मुद्दा इथेच संपतो. २६ नोव्हेंबर २०१० रोजी रशियाच्या दूमानेही ही हत्या स्टालिनच्या थेट आदेशाने झाल्याचे ठरावात मान्य केले.

१९९२ पर्यंत हे टिपण आणि निर्णय ‘पाकीट क्रमांक १’ मध्ये बंद होते. ते कोणत्याही सरकारी खात्याकडे नव्हते. पक्षाच्या कचेरीत होते आणि एका सरचिटणिसाकडून पुढच्याकडे जात होते. डिसेंबर १९९१ मध्ये गोर्बाचेव्हने ते येल्त्सिनकडे सोपवले. १४ ऑक्टोबर १९९२ रोजी रशियाचे अभिलेखागार-प्रमुख रुडॉल्फ पिखोया यांनी वॉर्सात पोलंडचे अध्यक्ष लेख वाऊएन्सा यांना प्रती दिल्या. त्याच सुमारास येल्त्सिनच्या बाजूने हे कागद रशियाच्या घटनात्मक न्यायालयापुढेही ठेवले. तिथे खटला चालू होता तो वेगळ्याच प्रश्नावर: सोव्हिएत कम्युनिस्ट पक्ष हा पक्ष होता, की राज्यच होते?