भेडाघाटचा उजेड आणि हुकलेला गोल

जबलपूरला पोस्टिंग आलं की भेडाघाट ओघानेच येतो. घरी पाहुणे आले की आधी धुवांधार, मग चौसष्ट योगिनी, मग पंचवटी घाटावरून होडी. नावाड्याची यमक जुळवत चाललेली कॉमेंट्री आता मला निम्मी पाठ आहे. गेल्या रविवारी मात्र मी एकटाच गेलो, कॅमेरा घेऊन. कारण होतं एक हुकलेला फोटो.

मागच्या महिन्यात आमच्याकडे हॉकीची फायनल होती. आमचा एक हवालदार, सांगलीकडचा, निवृत्तीआधीची शेवटची मॅच खेळत होता. माझ्या ७०-२०० मिमी, एफ २.८ लेन्सच्या मागे नवाकोरा दुपटीचा टेलिकन्व्हर्टर. संध्याकाळ कलत आलेली. त्याने गोल मारला, मी बटण दाबलं. फोटोत स्टिकच्या जागी नुसता फराटा आणि चेहऱ्याच्या जागी धुकं. "साहेब, माझा फोटो आला का?" या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

चूक यंत्राची नव्हती, हिशेबाची होती. दुपटीचा कन्व्हर्टर २०० चे ४०० मिमी करतो, पण एफ २.८ चा एफ ५.६ होतो. म्हणजे प्रकाश एक चतुर्थांश. जिथे शटर १/१००० मिळालं असतं, तिथे १/२५० वर आलं. धावत्या माणसाला ते पुरत नाही.

मग वाटलं, या काचेचा इतिहासच एकदा बघू. डिसेंबर १८१७ मध्ये इंग्रजांनी नागपूरकर भोसल्यांच्या फौजेकडून जबलपूर घेतलं, तेव्हा लांबचं बघायचं साधन म्हणजे दुर्बीण. पुढे १८३० च्या दशकात पीटर बार्लो यांनी दुर्बिणीत एक अंतर्गोल भिंग घातलं. एकत्र येणारे किरण या भिंगामुळे उशिरा मिळतात आणि प्रतिमा मोठी होते. बार्लो कोण, तर वूलिचच्या रॉयल मिलिटरी अकॅडमीत तोफखान्याच्या आणि इंजिनिअर्सच्या कॅडेटना गणित शिकवणारे प्राध्यापक! अकॅडमीत गणिताच्या तासाला पेंगणाऱ्या माझ्यासारख्याला हे वाचून जरा ओशाळल्यासारखं झालं.

१८९१ साली लंडनमध्ये डॉलमायर, म्युनिकमध्ये स्टाइनहाइल आणि बर्लिनमध्ये मीटे या तिघांनी स्वतंत्रपणे टेलिफोटो लेन्स पुढे आणली. गंमत म्हणजे सुरुवातीच्या रचनेत नेहमीच्या लेन्सच्या मागे अंतर्गोल भिंगाची जोड लावत. म्हणजे आज आपण ज्या दोन वस्तूंत निवड करतो, त्या मुळात एकाच घरातल्या. त्या जोडणीत प्रकाश फार घटे, त्यामुळे डोंगर, इमारती असे न हलणारे विषयच सोयीचे. पुढे दोन्ही गट एकमेकांसाठीच आखून एका नळीत बसवले गेले. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकसाठी झाइसने १८० मिमी, एफ २.८ ची सोनार आणली. तिचं नावच 'ऑलिंपिया' पडलं. खेळाला नुसता पल्ला पुरत नाही, उजेडही लागतो, हे तेव्हाच कळलं होतं.

भेडाघाटला मी तेच तपासलं. मित्राची ३०० मिमी, एफ ४ लेन्स एका हातात. माझी २०० वर १.४ चा कन्व्हर्टर, म्हणजे २८० मिमी, एफ ४, दुसऱ्या हातात. पांढऱ्या कड्यांवरून पोरं नर्मदेत उड्या मारत होती. माझ्या फोटोसाठी मी कुणालाही उडी मारायला लावलं नाही; जी मारत होती, तीच टिपली. दहाच्या उन्हात दोन्हींत फरक शोधावा लागला. सलग ३०० मिमीचा फोकस चपळ आणि कडा जास्त धारदार, एवढंच. दुपटीचा लावला तेव्हा मात्र फोकस चाचपडू लागला, आणि उतरत्या उन्हात दरीत सावली शिरल्यावर तर हातच टेकले. कन्व्हर्टर पुढच्या लेन्सचे गुण वाढवतो तसे दोषही वाढवतो.

तेव्हा मित्रहो, माझा निष्कर्ष असा. चांगली एफ २.८ लेन्स असेल आणि खेळ उन्हातला असेल, तर १.४ चा कन्व्हर्टर पुरे, खिशालाही परवडतो. संध्याकाळचे किंवा दिव्याखालचे सामने नेहमीचे असतील, तर मोठ्या भोकाची टेलिफोटोच हवी. ती एखाद्या दिवसापुरती भाड्याने घ्यावी. आणि दोन्ही नसतील, तर पायदळाचा जुना उपाय आहेच: पुढे सरका.

हवालदारसाहेब महिनाअखेरीस घरी जातील. येत्या रविवारी सकाळी आठला आम्ही एक फ्रेंडली मॅच ठेवली आहे. तो गोल मारेलच असं नाही. पण या खेपेला उजेड माझ्या बाजूने असेल, आणि मी गोलपोस्टच्या जवळ.