दारापासून केंद्रापर्यंत : प्रस्तावना

घरातल्या वृद्ध माणसाला दिवसाच्या काळजीकेंद्रात पाठवायचं ठरलं की चौकशी सुरू होते ती केंद्राची. परिचारिका आहे का, फी किती, गाडी दारापर्यंत येते का? सोडायला जाणाऱ्या सुनेची किंवा मुलाची विचारपूस क्वचितच होते. दिवसाच्या केंद्रांच्या या अभ्यासक्षेत्रात पहिली ओळख त्याच माणसाची करून द्यावीशी वाटते; त्याआधी थोडी पार्श्वभूमी.

दिवसा उपचार, संध्याकाळी घर ही पद्धत दुसऱ्या महायुद्धानंतर ऑक्सफर्डच्या काउली रोड रुग्णालयात डॉ. लायोनेल कोसिन यांनी रुजवली. १९७०च्या दशकात सॅन फ्रान्सिस्कोच्या चायनाटाउनमध्ये ‘ऑन लोक’ या संस्थेने तिला जेवणाची आणि ने-आणीची जोड दिली. आपल्याकडे विरंगुळा केंद्रं आहेत, पण ती स्वतःच्या पायांनी येणाऱ्यांची. २००७चा ज्येष्ठ नागरिक कायदा जिल्ह्याजिल्ह्यांत वृद्धाश्रम असावेत असं म्हणतो. दिवसाच्या केंद्रांसाठी त्यात वेगळी तरतूद नाही.

अभ्यासाचा खरा गाभा केंद्रात जाण्याच्या पहिल्या काही आठवड्यांत आहे. स्मृतिभ्रंश झालेली आई सकाळी आंघोळीलाच नकार देते. कशीबशी साडी नेसवून होते, खाली गाडीचा हॉर्न वाजतो आणि ती विचारते, “मला कुठं नेताय? माझं काय चुकलं?” शेजारच्या दारातून कोणीतरी बघत असतं. त्या आठवड्यात बऱ्याच लेकी-सुना माघार घेतात, आणि त्यांना दोष देता येत नाही. संशोधक स्टीव्हन झॅरिट आणि सहकाऱ्यांनी १९९८ साली अमेरिकेतल्या अशा कुटुंबांचा अभ्यास प्रसिद्ध केला. आठवड्यातून किमान दोन दिवस, असं तीन महिने केंद्राचा आधार घेणाऱ्यांचा ताण आणि नैराश्य इतरांपेक्षा कमी आढळलं. तेवढा काळ घरच्यांनी तग धरावा म्हणून त्यांना कोण सावरतं, हा माझ्या मते या क्षेत्रातला सर्वांत निकडीचा प्रश्न आहे.

काही वाटा अनुभवातून सापडलेल्या आहेत. सुरुवातीला दोनच तास न्यावं, घरच्या कोणीतरी सोबत बसावं. आईला कोणत्या नावाने हाक मारलेली आवडते, चहा कधी लागतो, हे तिथल्या ताईंना आधीच सांगून ठेवावं.

वाचकहो, तुमच्यापैकी कोणी केंद्र चालवत असाल तर प्रवेशअर्जात सोडायला येणाऱ्यासाठीही एक रकाना ठेवा : “रात्री तुमची झोप होते का?” उत्तर आलं की त्यांच्याशी दहा मिनिटं बोला.