वीजजाळ्याचे हवामान-अनुकूलन (देहू–चाकण पट्टा)

वादळ, पूर, उष्णतेची लाट, दाट धुके अशा प्रसंगी वीजपुरवठा टिकावा, खंडित झालाच तर लवकर पूर्ववत व्हावा, यासाठी पारेषण व वितरण यंत्रणेत करावयाचे बदल. इंद्रायणीकाठचे देहू पिंपरी-चिंचवड–चाकण या औद्योगिक पट्ट्यात मोडते. महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाचे जून 2005 मध्ये विभाजन झाल्यापासून येथील पारेषण मुख्यतः महापारेषणकडे व वितरण महावितरणकडे आहे.

धुके व इन्सुलेटर : या भागातील ठळक घटना 9 फेब्रुवारी 2022 ची. त्या पहाटे धुक्यामुळे लोणीकंद व चाकण येथील 400 केव्ही अतिउच्चदाब वाहिन्यांत पाच ठिकाणी ट्रिपिंग झाले. पुण्याचा मोठा भाग, पिंपरी-चिंचवड, चाकण व लोणावळा परिसर अंधारात गेला. इन्सुलेटरवर साचलेली कोरडी धूळ सहसा निरुपद्रवी असते. दवाने ती भिजली की तिच्यातील क्षारांमुळे इन्सुलेटरच्या पृष्ठभागावरून गळतीप्रवाह वाहतो, ठिणग्या पडतात व अखेर वाहिनीतील वीज मनोऱ्यावाटे जमिनीत उतरते. संरक्षक रिले तत्क्षणी वाहिनी बंद करतात. एकीचा भार दुसरीवर गेल्याने तीही बंद पडू शकते. इन्सुलेटरच्या माळेतील तबकड्या वाढवणे, हिवाळ्यापूर्वी इन्सुलेटर धुणे आणि सिलिकॉन रबराचे पॉलिमर इन्सुलेटर बसवणे हे प्रमुख उपाय होत. सिलिकॉनवर पाण्याचा सलग थर न होता थेंब राहतात. वितरण वाहिन्यांवरील चिनी मातीचे इन्सुलेटर उन्हात तापतात व वळवाच्या पहिल्या सरीने त्यांना तडे जातात. म्हणून मान्सूनपूर्व कामांत त्यांची तपासणी होते.

वादळ : निसर्ग चक्रीवादळ 3 जून 2020 रोजी रायगड किनाऱ्यावरून पुणे जिल्ह्यात शिरले. मावळ, मुळशी, खेड व जुन्नर तालुक्यांत खांब व तारा पडल्या. बांधकामासाठीच्या भारतीय मानकात पुण्याकरिता वाऱ्याचा मूलभूत वेग सेकंदास 39 मीटर धरला आहे. वितरणाच्या हानीत मात्र पडणाऱ्या झाडांचा वाटा मोठा असतो.

भूमिगत केबल : अलिबाग व रत्नागिरी येथे चक्रीवादळ जोखीम निवारण प्रकल्पातून घेतलेला उपाय. शहरी भागात रस्ते-खोदाईने केबल तुटतात व दोष शोधण्यास वेळ लागतो. त्यामुळे तो सरसकट योग्य ठरेलच असे नाही.

उष्णता : पुण्यात 28 एप्रिल 2019 रोजी 43 अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले. तापलेल्या तारा झोळ खातात. त्याच वेळी रोहित्रांवरील भारही वाढतो.

भारनियमन : 2006 मधील ‘पुणे मॉडेल’मध्ये उद्योगांनी स्वतःचे जनित्रसंच चालवून शहरासाठी वीज मोकळी केली. ते टंचाईवरील उत्तर होते; आपत्तीसाठी त्याचा वापर झाल्याची नोंद नाही. औद्योगिक सुट्टीचा गुरुवार देखभालीच्या कामांसाठी वापरला जातो.

सौरऊर्जा : जाळ्याशी जोडलेले छतावरील संच पुरवठा जाताच सुरक्षेसाठी आपोआप बंद होतात, बॅटरीची जोड असल्यासच खंडित काळात उपयोगी.