आडव्या वाहिनीतील मिश्र अभिसरण

तापवलेल्या आडव्या वाहिनीतून वायू किंवा द्रव वाहत असताना पंप वा पंख्याने निर्माण केलेला प्रवाह आणि तापमानातील फरकामुळे उद्भवणारा उत्प्लावक प्रवाह या दोहोंच्या एकत्रित परिणामाने होणाऱ्या उष्णता संक्रमणास मिश्र अभिसरण असे म्हणतात.

उभ्या नळीत उत्प्लावक बल प्रवाहाच्या दिशेतच कार्य करते. त्यामुळे ते प्रवाहास साहाय्य तरी करते किंवा विरोध तरी. आडव्या वाहिनीत मात्र ते प्रवाहास काटकोनात असते. वरचा पृष्ठभाग तापवल्यास हलका थर वरच राहतो आणि प्रवाह स्थिर असतो. तळ तापवल्यास हलका थर खाली अडकतो व स्थिती अस्थिर होते.

दोन्ही परिणामांची तुलना रिचर्डसन अंकाने करतात. ग्रासॉफ अंकास रेनल्ड्स अंकाच्या वर्गाने भागले असता तो मिळतो. त्याचे मूल्य १ च्या आसपास असल्यास दोन्ही परिणाम तुल्यबळ मानतात. उदाहरणार्थ, २ सेंमी. उंचीच्या वाहिनीचा तळ ४७° से. व माथा २७° से. तापमानास असून हवा सेकंदाला १० सेंमी. वेगाने वाहत असल्यास हा अंक सुमारे १.३ येतो. वेग दसपट केल्यास तो शंभरपटीने घटून सुमारे ०.०१३ होतो.

एवढ्यावरून उत्प्लावकता नगण्य ठरवणे ही नेहमीची चूक आहे. स्तरीय प्रवाह असलेल्या रुंद वाहिनीत तळाकडून उष्णता मिळत असता रॅली अंक १७०८ च्या वर गेला की प्रवाहाच्या दिशेला समांतर अशी फिरती वेटोळी निर्माण होतात, आणि ही मर्यादा प्रवाहाच्या वेगावर अवलंबून नसते. वरील उदाहरणात रॅली अंक सुमारे १३,००० आहे. वेग वाढवल्याने वेटोळी नाहीशी होत नाहीत. ती प्रवेशद्वारापासून अधिक दूर दिसू लागतात, आणि वाहिनी आखूड असेल तर दिसण्यापूर्वीच ती संपते. अतिशय मंद प्रवाहात आडवी, प्रवाहासोबत पुढे सरकणारी वेटोळीही आढळतात.

वेटोळ्यांमुळे तळाजवळील उष्ण वायू वर व थंड वायू खाली येतो, म्हणून नसेल्ट अंक वाढतो. इलेक्ट्रॉनिक उपकरणांच्या शीतनात हे लाभदायक असते. अर्धवाहकांवर बाष्पापासून पातळ थर चढवण्याच्या भट्टीत मात्र तेच हानिकारक ठरते, कारण थराची जाडी असमान होते. तेथे वायूचा दाब कमी ठेवून किंवा वाहिनीची उंची घटवून रॅली अंक खाली आणतात. यांपैकी उंचीचा उपाय विशेष प्रभावी आहे: उंची निम्मी केली की हा अंक आठपटीने घटतो.